चाकांचा कल आणि वळणाचा वेग



वसंत ऋतूतील या व्याख्यानसत्रात इतिहासापासून अर्थकारणापर्यंत नाना विषयांची पंगत बसते. त्या पंगतीत आज मोटारीची चाके येऊन बसलेली पाहून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. परंतु आम्ही आपणांस एवढेच विचारतो की, ज्या वाहनाच्या हवाली आपण रोज आपला आणि आपल्या मुलाबाळांचा जीव करतो, ते वाहन जमिनीला नेमके किती जागेवर टेकलेले असते, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला असेल? सामान्य मोटारीचा एक टायर जमिनीला साधारण तळहाताएवढ्या जागेवर टेकतो. म्हणजे हजार किलो वजनाचे ते धूड चार तळहातांच्या आधारावर धावते, वळते आणि थांबते. हे चार तळहात जमिनीवर सपाट पडले आहेत की नुसते कडेवर उभे आहेत, यावर बाकीचे सारे अवलंबून आहे. आमच्या आजच्या विषयाचे सार एवढेच आहे.

आज शहरांत एक गोष्ट वारंवार दिसते. तरुण मंडळी गाडी घेतात आणि ती 'खाली बसवून' घेतात. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घालतात. पैसे कमी असले तर आहे त्याच स्प्रिंगेचा एखादा वेढा कापून टाकतात. गाडी जमिनीलगत आली की ती चित्त्यासारखी दबा धरून बसलेली दिसते, यात शंका नाही. पण ती वळणावर पूर्वीपेक्षा चांगली चालते काय, हा प्रश्न निराळा आहे. याचे उत्तर नुसते 'हो' असे नाही, आणि नुसते 'नाही' असेही नाही. ते चाकांच्या कोनांत दडलेले आहे. ते उलगडण्यासाठी आपण शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर चालविण्यासाठी खाली बसविलेल्या एका लहान क्रीडामोटारीचे उदाहरण घेऊ.

आम्ही उदाहरणासाठी माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही जपानी गाडी निवडली आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, पुढे इंजिन व मागच्या चाकांना शक्ती अशी तिची साधी रचना. तिच्या कर्त्यांनी जपानी परंपरेतील 'जिनबा इत्ताई' ही कल्पना डोळ्यांपुढे ठेवली होती. घोडा आणि स्वार यांचे एक अंग व्हावे, असा तिचा अर्थ. २०१६ साली अशा गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली, आणि जगातील कित्येक हौशी चालक शर्यतीच्या मार्गाचे पहिले धडे याच गाडीवर गिरवतात. आमच्या दृष्टीने तिचा विशेष असा की, तिची चारही चाके स्वतंत्रपणे, प्रत्येकी दोन त्रिकोणी दांड्यांनी म्हणजे 'विशबोन'नी धरलेली आहेत, आणि खालच्या दांड्यांच्या मुळाशी असलेले विकेंद्री बोल्ट फिरवून प्रत्येक चाकाचे कोन बदलता येतात. तेव्हा शिकण्यासाठी ही गाडी म्हणजे उघडे पुस्तकच आहे.

आता हे कोन कोणते? ते तीन आहेत, आणि तिन्ही तीन दिशांनी पाहावयाचे आहेत.

गाडीच्या समोर उभे राहून चाकाकडे पाहा. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा ओळंबा चाकाला लावा. चाक ओळंब्यात असेल तर कल शून्य. चाकाचा वरचा काठ गाडीकडे आत झुकला असेल तर त्याला ऋण कॅम्बर म्हणतात; बाहेर झुकला असेल तर धन कॅम्बर. टायरचा व्यास साठ सेंटिमीटर धरला तर एक अंशाचा कल म्हणजे वरच्या आणि खालच्या काठांत सुमारे दहा मिलिमीटरांचा फरक. डोळ्याला तो जेमतेम दिसतो, पण टायरला तो पुरेपूर समजतो.

आता माडीवरून खाली पाहिल्यासारखे गाडीकडे वरून पाहा. जोडीची दोन्ही चाके अगदी समांतर असतील तर टो शून्य. पायांची बोटे आत वळवून चालणारा माणूस आपण पाहिला असेल. तशी चाकांची पुढची टोके आत वळलेली असली तर टो-इन, आणि बाहेर फाकलेली असली तर टो-आउट. टो हा शब्द पायाच्या बोटांवरूनच आला आहे. याचे माप फार बारीक असते. चौदा इंची रिमवर एका मिलिमीटराचा फरक म्हणजे अंशाचा जेमतेम सहावा भाग. पण त्याचा हिशेब करून पाहा. एखादे चाक केवळ पाव अंशाने तिरके असले, तर एक किलोमीटर सरळ जाताना ते चार मीटरांहून अधिक अंतर आडवे घासत गेल्यासारखे होते. खोडरबराने कागद घासावा तसा तो टायर रस्त्यावर झिजतो. टायर एकाच कडेने झिजला की लोक कॅम्बरला दोष देतात. पण खरा चोर पुष्कळदा टो हाच असतो.

तिसरा कोन बाजूने पाहावयाचा, आणि तो सायकलवर सर्वांनी अनुभवलेला आहे. सायकलचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. त्यामुळे हँडलचा अक्ष जमिनीला ज्या ठिकाणी मिळतो, त्याच्या किंचित मागे चाक टेकते, आणि म्हणूनच वेगात असलेली सायकल हात सोडले तरी बरीचशी सरळ जाऊ पाहते. मोटारीत याच कलाला कॅस्टर म्हणतात. तो वाढविला की सुकाणू जड होते, पण गाडी सरळ राहण्याची ओढ धरते. शिवाय त्याचा एक मोठा गुण असा की, सुकाणू वळविताना वळणाच्या बाहेरच्या बाजूचे चाक आपोआप आत झुकते. हवा तेव्हा कॅम्बर मिळतो आणि सरळ रस्त्यावर त्याचा भुर्दंड पडत नाही. म्हणून जाणकार कॅस्टर जेवढा मिळेल तेवढा घेतात.

या कोनांना इतिहास आहे. घोडागाडीच्या काळी पुढचा आस मधल्या खिळ्यावर सबंध फिरत असे. वळताना आतले चाक लहान वर्तुळात आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळात जाते, तेव्हा दोन्ही चाके निरनिराळ्या कोनांत वळली पाहिजेत, हे म्यूनिकचा गाड्या बांधणारा गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर याने ओळखून १८१७ साली तशी रचना केली. पुढच्याच वर्षी रूडॉल्फ आकरमन याने इंग्लंडात तिचे पेटंट घेतले आणि नाव मात्र आकरमनचे झाले. पुढे १८८८ साली डनलॉपचा हवेचा टायर आला. १९३० नंतरच्या दशकात पुढची चाके एकमेकांपासून मोकळी करण्याची पद्धत मोटारींत रूढ होऊ लागली. सबंध आस होता तोवर दोन चाकांचा परस्परसंबंध लोखंडानेच ठरविलेला होता. चाके मोकळी झाली, खड्ड्यात एकटी उतरू लागली, आणि प्रवाशांचे हाल कमी झाले. पण चाक वरखाली होताना त्याचा कोन काय राहील, हे दांड्यांच्या लांबीवर आणि जागेवर अवलंबून राहू लागले. स्वातंत्र्य आले की शिस्तीचा प्रश्न येतोच, तो असा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाडी खाली बसविल्याने काय साधते? थोडे अंकगणित करू. गाडीचे वजन हजार किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच, आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १४० सेंटिमीटर धरा. चांगल्या टायरांवर, शर्यतीच्या मार्गावर, गाडीच्या वजनाइतकेच आडवे बल वळणावर निर्माण होऊ शकते. त्या क्षणी आतल्या चाकांवरचे सुमारे ३२० किलो वजन बाहेरच्या चाकांवर जाते. उभ्या गाडीत दोन्ही बाजूंना पाचपाचशे किलो होते; आता बाहेरच्या बाजूला ८२० आणि आतल्या बाजूला अवघे १८०. आता हीच गाडी तीन सेंटिमीटर खाली बसवा. गुरुत्वमध्य ४२ वर आला. सरकणारे वजन झाले ३०० किलो. म्हणजे एवढा खटाटोप करून फरक पडला वीस किलोंचा!

या आकड्यांतून दोन धडे मिळतात. पहिला असा की, वळणावर गाडीचा संसार बाहेरची दोन चाके चालवितात. तेव्हा कोन लावताना त्या चाकांचा विचार आधी करावयाचा. दुसरा असा की, नुसत्या खाली बसविण्याचा लाभ खरा असला तरी लहान आहे, आणि चाकांचे कोन बिघडले तर तो लाभ व्याजासकट परत जातो.

कोन बिघडतात कसे? दांडे एका टोकाने गाडीच्या सांगाड्याला आणि दुसऱ्या टोकाने चाकाला जोडलेले असतात. सांगाडा खाली आला, चाक होते तिथेच राहिले. म्हणजे प्रत्येक दांड्याचा कोन बदलला. विशबोनच्या गाडीत वरचा दांडा आखूड आणि खालचा लांब असतो, म्हणून गाडी खाली बसली की चाके आपोआप थोडी आत झुकतात. त्याबरोबर टोही बदलतो, कारण सुकाणूचा आडवा दांडा, ज्याला आपले कारागीर टायरॉड म्हणतात, तो स्वतःच्या निराळ्या कमानीत फिरतो. या दोन कमानी जुळल्या नाहीत तर चालकाने सुकाणू स्थिर धरले असतानाही चाक उंचवट्यावर वर गेले की आपोआप थोडे वळते. अशा गाडीवर चालकाचे हात सारखे दुरुस्तीतच गुंतलेले राहतात.

आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅक्फर्सन स्ट्रट असतो, म्हणजे खाली एक दांडा आणि वर सरळ उभा स्ट्रट. तेथे तर आणखी एक विपरीत घडते. गाडी फार खाली आणली की खालच्या दांड्याचे बाहेरचे टोक आतल्या टोकाहून वर जाते. मग वळणावर स्प्रिंग दबताना चाकाला मिळणारा आतला झोक घटत जातो आणि शेवटी उलटतोही. शिवाय गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली उतरतो. दोहोंतील अंतर वाढले, म्हणजे कलविणारी तरफ लांबली. म्हणून स्प्रिंग कडक केली नाही तर खाली बसविलेली गाडी वळणावर मूळ गाडीपेक्षाही अधिक कलू शकते. दिसायला चित्ता आणि चालायला उंट, अशी तिची अवस्था होते.

आणि एक धोका असा आहे की त्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. स्प्रिंग दबण्याची मर्यादा संपली की शेवटी रबराचा ठोकळा चाकाला अडवितो. गाडी फार खाली असली तर वळणाच्या ऐन मध्यावर, एखाद्या लहानशा उंचवट्यावर, ती या ठोकळ्यावर जाऊन बसते. मऊ स्प्रिंग क्षणार्धात दगडासारखी कठीण होते. त्या टोकाच्या टायरवर एकदम भार येतो आणि त्याची पकड सुटते. पुढच्या चाकांचे असे झाले तर गाडीचे नाक वळणाबाहेर जाते. मागच्यांचे झाले तर शेपूट सुटून गाडी भोवऱ्यासारखी फिरते. एमएक्स-५ मध्ये तर स्प्रिंग दबण्यास मुळातच जागा कमी आहे; म्हणून तिला दोन-अडीच सेंटिमीटरांहून अधिक खाली नेण्यापूर्वी दहादा विचार करावा. आणि वेढा कापलेली स्प्रिंग तर आम्ही सर्वस्वी त्याज्य मानतो. चाक हवेत लोंबकळले की ती आपल्या बैठकीतून सैल होऊ शकते, आणि परत बसताना जागेवर बसेलच याची हमी कोणी द्यावी?

आता प्रत्यक्ष कोन कसे लावावेत ते पाहू. यंत्र नसले तरी घरच्या अंगणात हे काम करता येते. सपाट जमीन, दोरा, ओळंबा, मोजपट्टी आणि चिकाटी एवढे साहित्य पुरते.

पहिले काम म्हणजे तपासणी. बेअरिंग, बॉल जॉइंट आणि रबरी बुश यांत खेळ असेल तर कोन लावणे व्यर्थ आहे. हलत्या खुंटीला वीणा जुळवीत बसण्यासारखे ते होईल. मग टायरांत योग्य हवा भरावी. चारही चाकांखालची जमीन पाणसळीने एका पातळीत आहे हे पाहावे. नसेल तर पातळ फरशा घालून ती आणावी. चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावीत, कारण ७० किलोंचा माणूस एका बाजूला बसल्याने लहान गाडीचे कोन बदलतात. गाडी पुढे-मागे लोटून स्प्रिंगा आपल्या नैसर्गिक जागी येऊ द्याव्यात.

नंतर क्रम सांभाळावा. आधी गाडीची उंची, मग कॅस्टर आणि कॅम्बर, सर्वांत शेवटी टो. कारण उंची बदलली की सारे बदलते, कॅम्बर बदलला की टो बदलतो. पण टो बदलल्याने उंची बदलत नाही. तसेच मागची चाके आधी आणि पुढची नंतर. गाडीची दिशा मागची चाके ठरवितात. ती तिरकी राहिली तर पुढे कितीही अचूक काम केले तरी गाडी खेकड्यासारखी चालते आणि सुकाणू वाकडे राहते.

टो मोजण्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरे ताणावेत, आणि ते गाडीच्या मध्यरेषेला समांतर करावेत. येथे एक खाचखळगा आहे. एमएक्स-५ ची मागची चाके पुढच्यांपेक्षा एकमेकांपासून सुमारे वीस मिलिमीटर अधिक दूर आहेत. म्हणून दोरा मागच्या चाकाच्या मध्यापासून जेवढा दूर, त्याहून दहा मिलिमीटर अधिक पुढच्या चाकाच्या मध्यापासून दूर हवा. हे विसरले तर सारी मापे खोटी पडतील. दोरा बसला की रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठापासून त्याचे अंतर मोजावे. दोहोंतला फरक म्हणजे त्या चाकाचा टो. कॅस्टर मोजण्यासाठी चाक वीस अंश एका बाजूस आणि वीस अंश दुसऱ्या बाजूस वळवून दोन्ही वेळी कॅम्बर घ्यावा. दोहोंतील फरकाची साधारण दीडपट म्हणजे कॅस्टर.

आणि बोल्ट अखेरचे आवळताना गाडी चाकांवर उभी असली पाहिजे. रबरी बुश आतून-बाहेरून चिकटलेला असतो. गाडी जॅकवर असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते, गाडीला वर ढकलीत राहते, आणि लवकर फाटते.

आकडे काय ठेवावेत? हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देताना आम्ही आधी कारण सांगतो. समजा, वळणावर गाडी तीन अंश कलली. दांड्यांच्या रचनेने त्यातला अर्धा कल भरून काढला, असे धरा. उरलेला दीड अंश चाक बाहेर झुकणार. शिवाय टायरही वाकणार. म्हणून उभ्या गाडीत ते चाक आधीच सुमारे दोन अंश आत झुकवून ठेवावयाचे, म्हणजे ऐन वळणावर ते सपाट पडेल. यावरून अशा गाडीला मार्गावर सुरुवातीस पुढे दोन अंशांच्या आसपास ऋण कॅम्बर, मागे त्याहून थोडा कमी, कॅस्टर पाच अंशांच्या आसपास, पुढचा टो शून्य, आणि मागे दोन्ही चाके मिळून दोन-तीन मिलिमीटर टो-इन ठेवावा. पुढे किंचित टो-आउट ठेवला तर गाडी वळणात चपळाईने शिरते, पण सरळ मार्गावर चंचल होते.

मागच्या टो-इनबद्दल मात्र तडजोड नाही. वळणावर भार बाहेरच्या मागच्या चाकावर असतो. ते चाक आत वळलेले असेल तर गाडीचे शेपूट वळणाच्या आत धरून ठेवते. तेच बाहेर वळलेले असेल तर शेपूट बाहेर ओढते, आणि चालकाने घाबरून ब्रेक दाबला की उरलासुरला तोलही जातो. मागचा टो-आउट कुशल चालकालाही नको असतो. नवशिक्याच्या हाती तर तो सुरीसारखा आहे.

पुढे हे आकडे कितपत बरोबर आहेत, हे टायरलाच विचारावे. मार्गावर काही फेऱ्या जोराने मारून गाडी थांबताच, टायर निवण्यापूर्वी, रबरात सुई खुपसून तापमान घ्यावे. आतला काठ, मध्य आणि बाहेरचा काठ अशा तीन ठिकाणी. बाहेरचा काठ अधिक तापलेला असेल तर ऋण कॅम्बर कमी पडतो आहे. आतला काठ फारच तापलेला असेल तर तो जास्त झाला. आतला काठ बाहेरच्याहून थोडा अधिक गरम असणे हे ठीक, कारण सरळ मार्गावर चाक आतल्या काठावरच चालते. मध्यच तापला असेल तर हवा जास्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, वहीत लिहून ठेवावी, आणि पुन्हा फेऱ्या माराव्यात. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही. आणि बिघडली तर परत कोठे जावे तेही कळत नाही. चालकाच्या मनाला काय वाटले ते लिहावे, पण त्याशेजारी घड्याळ काय म्हणाले तेही लिहावे. गाडी फार थरारक वाटली म्हणजे ती वेगवान होती, असे मुळीच नाही.

येथपर्यंत आपण शर्यतीच्या मार्गाबद्दल बोललो. आता जो प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. हीच गाडी, याच कोनांनिशी, उद्या सकाळी रस्त्यावर काढावी काय?

रस्त्यावर आपण वजनाइतक्या आडव्या बलाने वळत नाही, आणि वळूही नये. तेव्हा आत झुकलेले चाक तेथे कधी सपाट पडतच नाही. ते सदैव आतल्या कडेवर चालते. टायर एका बाजूने झिजतो, आणि ती झीज आत असल्याने मालकाला दिसत नाही. आत डोकावून पाहावे तो धागे उघडे पडलेले असतात. ब्रेक दाबताना तळहात सपाट नसतो, म्हणून थांबण्याचे अंतर वाढते. पावसाळ्यात पाण्यावर हाच टायर अधिक बेभरवशाचा होतो. म्हणजे ज्या कोनांनी मार्गावर जीव वाचतो, तेच कोन चौकात एखाद्या शाळकरी मुलासमोर गाडी थांबविताना आपला घात करू शकतात. कोन स्वतः चांगला नसतो आणि वाईटही नसतो. तो कशासाठी लावला आहे, यावर त्याचे चांगलेवाईटपण ठरते.

शिवाय आपले गतिरोधक, आपले घाट आणि पावसाळ्यानंतरचे आपले खड्डे हे खाली बसविलेल्या गाडीची वाट पाहत असतात. आणि कायद्याचेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास मनाई आहे. गाडीला हात लावण्यापूर्वी हे कलम एकदा वाचावे. अपघातानंतर ते दुसऱ्याने आपल्याला वाचून दाखविण्यापेक्षा हे बरे.

मग तरुणांनी वेगाची हौस धरूच नये काय? असे उपदेश करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. तारुण्याला वेग हवाच असतो. तो रस्त्यावर नको म्हणून नुसते दटावल्याने तो नाहीसा होत नाही. त्याला जागा द्यावी लागते. आपल्या देशात मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे १९९० पासून शर्यतीचा मार्ग आहे. कोइमतूरचा मार्ग २००३ साली सुरू झाला. ग्रेटर नोइडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. तेथे समोरून ट्रक येत नाही, कडेला माणसे चालत नाहीत, वळणाबाहेर रेतीची मोकळी जागा असते, आणि रुग्णवाहिका उभी असते. वेगाचे शिक्षण तेथे घ्यावे. आणि आमचा अनुभव असा आहे की, ज्याने मार्गावर आपल्या गाडीची मर्यादा एकदा डोळ्यांनी पाहिली, तो रस्त्यावर तिच्या जवळपासही जात नाही. गाडी किती करू शकते हे ज्याला ठाऊक नसते, तोच ते भर चौकात अजमावून पाहतो.

ज्यांना मार्गावर जावयाचे आहे त्यांना आमचे सांगणे इतकेच की, दोन्हींचे कोन वहीत वेगवेगळे लिहून ठेवा, विकेंद्री बोल्टांवर दोन्ही जागांच्या खुणा करा, आणि मार्गावरून परतलात की निदान टो आणि कॅम्बर रस्त्याचे करा. ज्यांना मार्गावर जावयाचे नाही, त्यांनी निर्मात्याने ठरविलेली उंची आणि निर्मात्याने ठरविलेले कोन ठेवावेत. त्यामागे पुष्कळ डोकी आणि पुष्कळ चाचण्या असतात. आणि या सभागृहात जे आईबाप बसले आहेत त्यांना एक विनंती. मुलाने गाडी खाली बसवून आणली तर केवळ रागावू नका. 'चाकांचे कोन लावून घेतलेस काय? त्याचा कागद कोठे आहे?' असे विचारा. तो कागद मिळाला तर मागच्या टो-इनचा आकडा आधी पाहा. कागद नसेल तर गाडीची किल्ली आपल्याजवळ ठेवून घ्या. हा प्रश्न विचारण्याइतके यंत्रज्ञान आज आपणां सर्वांस अवगत झाले आहे.